बुटातला चिंचोका

लग्न पाहुण्यांकडचं होतं, वाईला. २०१९चा मे महिना. सकाळी आठला बूट घातले, नाड्या बांधल्या आणि दिवसभर पायांवरच होतो. मांडवात उभा राहिलो, पंगतीत वाढायला गेलो, परतताना गाडीला गर्दी म्हणून पाचवडपर्यंत दांडा धरून उभ्यानं आलो. रात्री साताऱ्यात घरी पोचलो आणि उजवा बूट काढला, तर मोजा करंगळीपाशी ओला लागला. दिव्याखाली धरला तेव्हा कळलं, रक्त आहे. बूट उपडा केला आणि फरशीवर टक्कन एक चिंचोका पडला.

आदल्या दिवशी नातू ओसरीवर चिंचोक्यांनी खेळत होता. त्यातला एक उडून बुटात गेला असणार. बारा तास मी त्या चिंचोक्यावर चाललो होतो. करंगळीच्या बुडाशी त्यानं रुपयाएवढं कातडं सोलून काढलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. काटा मोडल्याएवढंही दुखलं नव्हतं.

त्याच रात्री त्याच पायांनी मला दोन वाजेपर्यंत झोपू दिलं नाही. तळवे चुलीतल्या निखाऱ्यांवर धरल्यासारखे पेटले होते. पंख्याचा वारा सोसवेना. चादर नुसती लागली तरी चटका बसे. जखम होती तिथं काही नाही आणि जिथं साधा ओरखडाही नव्हता तिथं आग. एकाच पायात या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे समजून घ्यायला मला पुढं बराच काळ लागला. जे समजलं ते लिहितो आहे, कारण माझ्यासारखे पाय घेऊन हिंडणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांना आपल्या पायांना काय झालंय याचं नावही ठाऊक नाही.

मी एसटीत कंडक्टर होतो. १९८७ ते २०१८, एकतीस वर्षं. पहिल्या काळात डाव्या हातात तिकिटांचा ट्रे, उजव्या हातात चिमटा, खांद्याला चामड्याची पिशवी. पुढं मशीन आलं तरी दोन्ही हात गुंतलेलेच. मग चालत्या गाडीत धरायचं कशानं? पायांनी. पसरणी घाटात गाडी वळण घेत असताना मी मधल्या वाटेत कशालाही न टेकता उभा राहून सुट्टे पैसे मोजत असे. ड्रायव्हरनं गिअर बदलला, ब्रेकवर पाय ठेवला, मागच्या चाकात हवा कमी आहे, हे सगळं मला तळव्यांतून कळायचं. नवीन मुलं पहिले महिनाभर आपटत असत. त्यांना मी सांगायचो, गुडघे सैल सोडा, गाडी पायांत येऊ द्या. हे मी मिरवायला सांगत नाही. माझ्याकडून काय गेलं ते कळावं म्हणून सांगतो.

साखर सापडली २००६ साली. डेपोत तपासणी शिबिर होतं, तिथं. कंडक्टरच्या नोकरीत जेवणाला वेळ नसते. प्रत्येक स्टँडवर चहा, बामणोली मुक्कामाला रात्री साडेनवाला मिळेल ते आणि पहाटेच्या पहिल्या गाडीला पुन्हा चहा. गोळ्या सुरू झाल्या. मी घेत होतो, पण कसा घेत होतो ते मला ठाऊक आहे. २०१३च्या सुमाराला पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढं तळव्यांखाली जाड मोजा घातल्यासारखं वाटू लागलं. पाय अनवाणी असले तरी ते मोजे निघेनात. मी दवाखान्यात सांगितलं. "दिवसभर उभं राहता ना, थकवा आहे, वयही झालं," असं उत्तर मिळालं. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर एकदा सातारा स्टँडवर मागून एक बाई ओरडली, "ओ मास्तर, चप्पल राहिली तुमची!" वळून पाहिलं तर डाव्या पायातली चप्पल पंधरा पावलं मागं पडली होती. ती कधी निसटली ते पायाला कळलंच नव्हतं.

ही चप्पल निसटण्याची गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. पुढं मी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी रिपोर्ट उघडायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारला होता, "काका, चप्पल पायातून निसटते का?"

त्यांनी बूट-मोजे काढायला लावून मला टेबलावर झोपवलं. एक नायलॉनचा धागा होता, जाडसर, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर वेगवेगळ्या जागी टेकवत गेले. "कळलं की हो म्हणा." मी वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं विचारलं, "डॉक्टर, सुरू कधी करताय?" ते म्हणाले, "दहा जागी लावून झालं." पत्नी शेजारी उभी होती, ती सगळं पाहत होती. तिनं पदर तोंडाला लावला. मग त्यांनी नादकाटा वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. त्याची थरथर अंगठ्यावर कळली नाही, घोट्यावर कळली नाही, नडगीच्या वरच्या अंगाला कळली. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाय उडाला नाही. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. वस्तू म्हणाल तर एक धागा, एक नादकाटा, एक रबरी हातोडी. तेरा वर्षांत माझं रक्त कितीदा तपासलं याचा हिशेब नाही, पण माझे पाय कुणी एकदाही पाहिले नव्हते.

आजाराचं नाव पेरिफेरल न्यूरोपॅथी. आपण साध्या बोलण्यात नसांचा त्रास म्हणतो, पण नस आपण रक्तवाहिनीलाही म्हणतो आणि तिथं घोटाळा होतो. इथं बिघडतात ते चेतातंतू. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्याबाहेर हातापायांत पसरलेल्या तारा. काही तारा स्पर्श, ऊन-गार, दुखणं यांचा निरोप वर नेतात, काही स्नायूंना हुकूम खाली आणतात, तर काही घाम, रक्तदाब, पोटाची हालचाल आपल्या नकळत सांभाळतात. पायाच्या अंगठ्याचा निरोप नेणारा तंतू कंबरेपासून निघतो, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब. इतक्या लांब तंतूचं मूळ मात्र एकच पेशी, मणक्याजवळ बसलेली. तंतूला लागणारा सगळा माल तिथून टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. डेपोत डिझेल कमी पडलं की पहिली फेरी कुठली रद्द होते? शेवटच्या टोकाच्या गावाची. शरीरही तेच करतं. रक्तातली जास्तीची साखर वर्षानुवर्षं तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना खराब करत राहते आणि सर्वांत लांबचं टोक आधी बंद पडतं. म्हणून सुरुवात बोटांपासून, तीही दोन्ही पायांत सारखी. मोजा चढावा तसा बधिरपणा वर चढतो आणि तो गुडघ्याच्या आसपास आला की हातांची बोटं सुरू होतात.

आता आग आणि बधिरपणा एकत्र कसे? एसटीत कंडक्टरजवळून ड्रायव्हरपर्यंत घंटीची दोरी जाते. दोरी तुटली की मी कितीही ओढली तरी घंटी वाजणार नाही. हा बधिरपणा. पण ड्रायव्हरच्या बाजूचं तुटकं टोक कशात तरी अडकून गाडीच्या हादऱ्यानं आपोआप ओढलं जाऊ लागलं, तर इकडं कुणी हात न लावता घंटी वाजत राहील. ही आग. खराब झालेला तंतू खरा निरोप पोचवत नाही आणि स्वतःहून खोटे निरोप पाठवत राहतो. मेंदूला त्यातला फरक कळत नाही. त्याच्या लेखी पाय खरोखरच जळत असतो. म्हणूनच पाय गार पाण्यात बुडवले तरी आग विझत नाही, आणि म्हणूनच ते दुखणं खोटं नाही.

माझ्या बाबतीत कारण एकच निघालं नाही. मी माळकरी, घरात अंडंही येत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व मांस-मासे-अंड्यांतून मिळतं, शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून थोडंफार. त्यात साखरेसाठी घेतली जाणारी मेटफॉर्मिन ही चांगली आणि स्वस्त गोळी वर्षानुवर्षं घेतली की पोटातून ब-१२ शोषलं जाणं कमी होतं. चेतातंतूंचं वेष्टन नीट राहायला हे जीवनसत्त्व लागतं. माझं १४० निघालं, दोनशेच्या खालचं कमी समजतात. ही तपासणी तेरा वर्षांत झाली असती तर माझ्या नुकसानीचा काही भाग टळला असता, असं डॉक्टर म्हणाले. शाकाहारी आणि मेटफॉर्मिनवर असलेल्या प्रत्येकानं ही तपासणी करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे. बाकी कारणं पुष्कळ आहेत. दारू, थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, कॅन्सरची काही औषधं, क्षयाची आयसोनियाझिड ही गोळी, ज्याबरोबर म्हणूनच ब-६ देतात. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण एकदम वाढले होते, तोही चेतातंतूंचाच आजार. दूषित पाण्यातल्या जंतूशी लढताना शरीराची फौज स्वतःच्याच तंतूंवर उलटते आणि माणूस काही दिवसांत लुळा पडतो. तो अचानक येतो आणि बहुतेक जण त्यातून सावरतात. माझा आजार मुंगीच्या पावलांनी आला आणि तो मुक्कामालाच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. तेव्हा मी एकटा नाही.

चिंचोक्याची जखम चिघळली. मी चार दिवस हळद लावून हिंडलो, कारण दुखत नव्हतं. जे दुखत नाही ते किरकोळ, ही समजूत आपल्या हाडीमासी मुरलेली असते. पाचव्या दिवशी करंगळी काळी दिसू लागली, ताप आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती काढावी लागली. जखम भरायला चार महिने लागले, कारण अशा पायाला औषधाहून अधिक गरज असते ती त्यावर वजन न पडण्याची. दुखत असतं तर मी लंगडलो असतो आणि लंगडल्यानं जखमेला आराम मिळाला असता. ते लंगडणंही माझ्या नशिबात नव्हतं.

त्या चार महिन्यांत मला पॉल ब्रँड या डॉक्टरांबद्दल वाचायला मिळालं. हा इंग्रज मिशनऱ्यांचा मुलगा १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर जन्मला आणि पुढं वेल्लोरच्या रुग्णालयात कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करू लागला. कुष्ठरोगात बोटं झडतात असं सगळं जग मानत होतं. ब्रँड यांनी वर्षानुवर्षं रुग्णांबरोबर राहून दाखवून दिलं की रोग बोटं खात नाही. रोग चेतातंतू मारतो, दुखणं नाहीसं होतं आणि मग माणूस नकळत स्वतःचे हातपाय झिजवतो. तापलेलं भांडं उचलतो, खिळा रुतलेल्या पायानं चालतो. रात्रीत काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. मग रुग्णांना मांजरं पाळायला दिली. मी हे वाचलं तेव्हा अंगावर शहारा आला. मुक्कामाच्या गाडीत मागच्या सीटवर उघड्या पायांनी मी किती रात्री झोपलो होतो!

स्टँडवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना मी गाडीच्या दारापासून हटवत असे. त्यांच्या आणि माझ्या पायांत एकच आजार आहे, कारण तेवढं वेगळं, हे मला वयाच्या साठीत कळलं. त्यांच्यासाठी बसवलेलं पायताण आज मी घालतो. आत मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ थर असतो, त्याला एमसीआर चप्पल म्हणतात. मागं टाचेला पट्टा, म्हणजे निसटत नाही. गल्लीत एकानं विचारलं, "ही तर महारोग्यांची चप्पल, तुम्ही कशाला घालता?" मी त्याला ती काढून दाखवली, अंगठ्यानं दाबायला लावली आणि कशासाठी असते ते सांगितलं. त्याच्या वडिलांनाही साखर आहे. महिन्याभरानं तो दुकानाचा पत्ता विचारायला आला.

आगीवरच्या औषधांबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांचा या दुखण्यावर जवळजवळ उपयोग होत नाही आणि साखरेच्या माणसाच्या मूत्रपिंडांना त्यांतल्या बऱ्याच घातक ठरतात. मी वर्षभर त्या खाल्ल्या. या दुखण्याची औषधं वेगळी. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन ही मुळात फिट्सवर वापरली जाणारी, अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलॉक्सेटिन ही नैराश्यावरची. मुलानं मोबाइलवर नाव शोधलं आणि घाबरून म्हणाला, "आबा, हे तर डिप्रेशनचं औषध आहे, तुम्हाला वेडबिड समजले की काय?" तसं नाही. नको ती घंटी वाजते तिचा आवाज मेंदूपर्यंत पोचताना कमी करायचं काम ही औषधं करतात. लहान मात्रेपासून चढवत नेतात, मनानं एकदम बंद करायची नसतात, झोप येते, तोल आणखी बिघडू शकतो. निम्मं दुखणं कमी झालं तरी औषध चांगलं लागू पडलं असं डॉक्टर धरतात. माझं तेवढं झालं आहे. पूर्वी मला दोनला झोप लागायची, आता साडेअकराला लागते. साखर आटोक्यात ठेवली तर पुढची झीज मंदावते. गेलेलं सगळं परत येत नाही. ते परत आणून देतो म्हणणाऱ्या तेलवाल्यांनी माझे नऊ हजार नेले.

मिरचीतल्या तिखट द्रव्याचं मलमही मिळतं. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानं हेच द्रव्य हाताशी धरून, उष्णता ओळखणारी कडी चेतातंतूच्या टोकाशी शोधून काढली. मिरची आणि विस्तव दोन्ही एकच कडी वाजवतात. कांदा-लसूण मसाला करताना पत्नीचे हात भगभगतात आणि ते भाजलेले मात्र नसतात, ते का, हे मला तेव्हा कळलं. ज्युलियस यांच्याबरोबर २०२१चं नोबेल ज्यांना मिळालं त्या आर्डेम पटापूटियन यांचं काम मला अधिक जवळचं वाटतं. स्पर्श आणि दाब ओळखणारे, आपला हात-पाय कुठं आहे हे डोळे मिटूनही सांगणारे रेणू त्यांनी शोधले. पसरणी घाटात मला उभं ठेवणारी हीच ती गोष्ट.

ती गेली आहे हे मला मोरीत कळलं. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि अंग पुढं कोसळलं. हात नळावर आपटला म्हणून वाचलो. पायांकडून निरोप येईना, तेव्हापासून डोळेच पायांचं काम करत होते, आणि साबणासाठी डोळे मिटले की खाली जमीन नाही. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात, ती तपासणी हीच. आता मी तोंड बसून धुतो. मोरीत आणि संडासात भिंतीला स्टीलचे दांडे बसवले. सगळ्या घरदुरुस्तीत तेवढा खर्च सर्वांत सार्थकी लागला. खोलीपासून संडासापर्यंत रात्री बारीक दिवा जळतो. अंधारात मी चालत नाही. झोपेतून उठलो की दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसतो, कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या ताराही ढिल्या झाल्या आहेत आणि एकदम उभा राहिलो की अंधारी येते. काठी वापरतो. ती अधू पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत यावी एवढीच लांब असावी, हे शिकवायला फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनीच ओट्याला धरून टाचा उचलायचे, एका पायावर उभं राहायचे व्यायाम लावून दिले. सहा महिन्यांत मी एका पायावर दोनावरून नऊ आकड्यांपर्यंत आलो. तंतू सुधारले नाहीत, पण मांड्या आणि कंबर कामाला लागल्या. एसटीची पहिली पायरी अजून मला डोंगराएवढी वाटते. चढताना मी खाली पायाकडे पाहतो, मग मागचे लोक घाई करतात. कंडक्टर पोरगा ओळखीचा निघाला की डबल बेल थांबवून धरतो.

निवृत्तीनंतर पायी वारी करायची हे ठरलेलं होतं. नोकरीत आषाढीला रजा नसते, जादा गाड्यांची ड्युटी लागते. एकतीस वर्षं मी वारकऱ्यांची तिकिटं फाडली. २०१९च्या आषाढात मी करंगळीच्या जखमेनं अंथरुणावर होतो. २०२०ला करोनामुळे पायी वारीच झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या गाडीवर कुणाची ड्युटी लागली असेल, या विचारानं मी त्या दिवशी जेवलो नाही. आता दर वर्षी मुलगा मला मोटारसायकलवर चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं रिंगण बघायला नेतो. उभ्या रिंगणात घोडा धावतो तेव्हा पूर्वी जमीन पायांत धडधडत असे. आता टापांचा आवाज कानांना ऐकू येतो आणि पाय गप्प असतात. मला रडू येतं आणि मी ते लपवत नाही. तिथं वारकऱ्यांना भेटून मी एकच काम करतो. साखर असलेला कुणी अनवाणी दिसला की त्याला बाजूला बसवून तळवे बघतो. दुपारच्या डांबरानं भाजलेले तळवे मी पाहिले आहेत, आणि तो माणूस टाळ वाजवत असतो.

घरातलं सांगायचं तर पहिली दोन वर्षं अवघड गेली. करंगळीची जखम सर्वांना दिसत होती, तिची विचारपूस झाली. आग कुणाला दिसत नाही. "दिसायला तर ठणठणीत आहेत, नुसतं पाय पाय करतात," हे मी ऐकलं आहे, आणि बोलणारं माणूस वाईट नव्हतं. दुखण्यावर संशोधन करणाऱ्यांच्या जागतिक संघटनेनं २०२० साली दुखण्याची व्याख्या नव्यानं लिहिली, त्यात माणूस दुखतंय म्हणतो तर त्या सांगण्याचा मान ठेवावा असं नोंदवलं आहे. पत्नीला ते कुणी सांगावं लागलं नाही. चादर पायांना लागू नये म्हणून तिनं पायथ्याला प्लास्टिकचं स्टूल आडवं ठेवून त्यावरून चादर टाकायला सुरुवात केली. माझी आई आजोबांच्या तळव्यांना काशाच्या वाटीनं तूप चोळायची, तसं ती चोळते. त्यानं आजार बरा होत नाही, पण चोळण्याचा निरोप आगीच्या निरोपाची वाट थोडा वेळ अडवतो आणि तेवढ्यात डोळा लागतो. फक्त नंतर बोटांच्या बेचक्यांतलं तूप कोरडं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर तिथं बुरशी धरते. आणि तुपाच्या पायांनी फरशीवर उतरायचं नाही.

नातवाला चिंचोक्याचं कळलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दोन दिवस माझ्यासमोर आला नाही. मी त्याला जवळ घेऊन सांगितलं, चूक चिंचोक्याची नाही आणि तुझीही नाही, मी बूट झटकून बघायला हवा होता. तेव्हापासून रात्री जेवणं झाली की तो मोबाइलचा टॉर्च घेऊन येतो. "आबा, पाय." मी पलंगावर पाय लांब करतो. तो तळवे, टाचांच्या भेगा, प्रत्येक बोटाची बेचकी बघतो. लाल डाग, फोड, चीर, काही वेगळं दिसलं तर सांगतो. माझ्या पायांना घाम येत नाही, त्यामुळे ते कोरडे पडून फाटतात, म्हणून टाचांना मलम लावतो, बेचक्यांत लावत नाही. आंघोळीचं पाणी कढत आहे का ते मी पायानं बघत नाही, कोपरानं बघतो. गरम पाण्याची पिशवी घरातून काढून टाकली आहे. कुरूप ब्लेडनं कापत नाही. सकाळी बूट घालण्याआधी दोन्ही उपडे करून आपटायचे आणि आत हात फिरवायचा. एवढ्यानं या सहा वर्षांत दुसरी जखम झालेली नाही.

तुम्हाला किंवा घरात कुणाला साखर असेल, पायांना मुंग्या येत असतील, चप्पल कळत-नकळत निसटत असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर रिपोर्ट ठेवायच्या आधी चप्पल-मोजे काढून बसा आणि त्यांना म्हणा, "डॉक्टर, आधी माझे पाय बघा."